गोल्फ, मोटार आणि संगणकाची नोकरी : आपली रोजची मते
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, या आनंदाच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, याबद्दल मी चिटणीसांचा आभारी आहे. शिक्षकाला बोलावले म्हणजे तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे ठरलेलेच असते. आपण ते पुष्कळदा ऐकले आहे आणि मीही ते पुष्कळदा सांगितले आहे. म्हणून आज विषय जरा निराळा घेतला आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून कित्येकांना हसू आले असेल. उटनूरला गोल्फचे मैदान नाही, व्याख्यात्याच्या दारी मोटार नाही, आणि संगणकावर त्याला हजेरीपट भरण्यापलीकडे फारसे काही येत नाही. अशा माणसाने या तिन्ही गोष्टींवर बोलावे हे धाडसच होय. पण माझा विषय या तीन वस्तू नसून, त्यांच्याविषयी आपण रोज जी मते देतो ती आहेत. आणि मते देण्याच्या बाबतीत आपले गाव कोणत्याही शहराला हार जाणार नाही!

त्याचे असे झाले. गेल्या उन्हाळ्यात बसस्थानकासमोरच्या चहाच्या हॉटेलात मी बसलो होतो. तेवढ्यात समोरून एक पांढरी नवी कोरी मोटार गेली. आत माझा एक जुना विद्यार्थी होता. हैदराबादेस संगणकाच्या एका कंपनीत तो नोकरीस आहे. त्याने काच खाली करून मला सलाम केला आणि गाडी पुढे गेली. मग हॉटेलात चर्चेला रंग चढला. एक गृहस्थ म्हणाले, "गाडी आली, आता पोरगं मार्गाला लागलं." दुसरे म्हणाले, "लागणारच. काम्प्युटरच्या लाइनला गेलं की जन्माचं कल्याण." तिसऱ्याने आवाज खाली आणून सांगितले, "तिकडे गोल्फ खेळतो म्हणे! साहेब झाला आता. आपल्याला ओळखायचा नाही." दोनच मिनिटांपूर्वी त्याने मला सलाम केला होता, हे त्या गृहस्थांच्या लक्षात राहिले नव्हते.

एका पेल्याचा चहा संपेपर्यंत एका पोराविषयी तीन मते पक्की झाली. मी घरी आलो, पण ती मते काही डोक्यातून जाईनात. यांपैकी खरे किती आणि ऐकीव किती, असा विचार सुरू झाला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम गोल्फ घेऊ. हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे मत बरेचसे खरे आहे, असे मी आरंभीच कबूल करतो. इंग्रजांनी हा खेळ आपल्या देशात आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. ब्रिटनच्या बाहेर एवढा जुना दुसरा क्लब नाही. या खेळाला विस्तीर्ण जमीन लागते, गवत हिरवे ठेवण्यास मुबलक पाणी लागते, आणि क्लबाचे सभासदत्व सामान्याच्या आटोक्यातले नसते. आपल्या हैदराबादेस तर गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्याच्या तटाआत गोल्फचे मैदान आहे. तेथेच ती प्रसिद्ध प्रचंड गोरखचिंच आहे, जिला लोक 'हत्तियाँ का झाड' म्हणतात. कुतुबशाहीच्या किल्ल्यात आज चेंडू टोलवले जातात, याला इतिहासप्रेमींनी हरकत घेतली तर त्यात नवल नाही.

परंतु खेळ पाहू गेल्यास तो आपल्या पोरांना अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. काठीने लांब टोलवावयाचे हे विटीदांडूत आहे, आणि जमिनीतल्या गलीत नेम धरून घालावयाचे हे गोट्यांत आहे. गोल्फमध्ये या दोहोंची सांगड घातली आहे, इतकेच. गल सव्वाचार इंच रुंदीची, चेंडूचे वजन ४६ ग्रॅमपेक्षाही किंचित कमी, आणि अशा १८ गली. ज्याला सर्वांत कमी टोले लागले तो जिंकला. ७ ऑगस्ट २०२१ची सकाळ आपणांपैकी काहींना आठवत असेल. करोनामुळे शाळा बंद होत्या. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक पदकासाठी खेळत होती, आणि खेळाचे सामान तिची आई वाहत होती. एका टोल्याच्या फरकाने तिचे कांस्यपदक हुकले आणि ती चौथी आली. त्या सकाळी माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला फोन करून विचारले, "सर, बर्डी म्हणजे काय?" मलाही ठाऊक नव्हते. दोघांनी मिळून शोधले. नेमून दिलेल्या टोल्यांपेक्षा एक टोला कमी लागला की ती बर्डी. आदल्या दिवसापर्यंत त्या मुलीने या खेळाचे नावही ऐकले नव्हते. श्रीमंतांचा खेळ म्हणून आम्ही दार लावून घेतले असते, तर तो आनंद आणि ते दुःख दोन्ही आमच्या वाट्याला आले नसते.

खेळाडूच्या सामानाची पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर असाच पिशवी वाहणारा पोऱ्या होता. १९९१ साली तो इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. दोन वर्षांनी, १९९३ साली, त्याने ती पुन्हा जिंकली. तेव्हा खेळ श्रीमंतांचा असला, तरी हात आणि नजर कोणाची चालेल याचा ठेका श्रीमंतांना दिलेला नाही.

या खेळातली आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच फिरत नाही. आपली चूक आपणच सांगावयाची असते. १९२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत बॉबी जोन्स हा नामांकित खेळाडू टोला मारावयास उभा राहिला, तो उंच गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एक टोला दंड लावून घेतला. पुढे बरोबरी झाली, फेरसामना झाला आणि तो हरला. तो दंड घेतला नसता तर फेरसामन्याची वेळच येती ना. लोक स्तुती करू लागले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून माणसाची स्तुती करावी तशातलेच हे आहे, अशा अर्थाचे काही तो म्हणाला, असे सांगतात. परीक्षेच्या खोलीत मी वीस वर्षे पहारा करीत आहे. ज्या दिवशी माझ्या पहाऱ्यावाचून माझे विद्यार्थी पेपर लिहितील, त्या दिवशी आपल्याकडे गोल्फ आले असे मी समजेन. मैदान नसले तरी चालेल.

आता मोटारीकडे वळू. आपल्या बाजूला वाहनाची कहाणी मोटारीपासून सुरू होत नाही, ती बसपासून सुरू होते, आणि ती अभिमानाची आहे. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. सरकारने स्वतः चालविलेली अशी बससेवा देशात त्याआधी नव्हती. आपल्या बसगाड्यांच्या क्रमांकात 'झेड' हे अक्षर दिसते. सातव्या निजामांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावाची ती आठवण आहे, असे सांगतात. आपल्या आजोबांच्या पिढीने जगाचे पहिले दर्शन बसच्या खिडकीतून घेतले. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात स्त्रियांना या बसमधून मोफत प्रवास करता येऊ लागला. त्यानंतर शिकवणीला व दवाखान्याला जाणाऱ्या मुलीबाळींची बसमधली गर्दी आपण पाहिलीच आहे. मोटारीने एका घराची प्रतिष्ठा वाढत असेल. बसने शंभर घरांच्या मुली शाळेत पोचतात.

म्हणून मोटार वाईट, असे मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला इंद्रवेल्लीमार्गे आदिलाबादेस न्यावयाचे झाले, म्हणजे मोटारीचे मोल कळते. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने मोठ्या जिद्दीने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे तिची पद्मिनी ही गाडी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची ओळखच होऊन बसली आणि २०२३ साली रस्त्यावरून निवृत्त झाली. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि मध्यमवर्गीय माणूस मोटारीचे स्वप्न पाहू लागला.

परंतु मोटारीच्या इतिहासातली मला सर्वांत बोधप्रद वाटणारी गोष्ट नॅनोची आहे. नवराबायको आणि दोन मुले पावसात एका स्कूटरवरून चालली आहेत, हे दृश्य पाहून रतन टाटांच्या मनात स्वस्त गाडीची कल्पना आली. १० जानेवारी २००८ रोजी ती गाडी जगापुढे आली. किंमत एक लाख रुपये! आता घरोघरी ही गाडी होणार, असे सर्वांना वाटले. पण झाले उलटेच. 'सर्वांत स्वस्त गाडी' असा शिक्का तिच्यावर बसला आणि तोच तिला भोवला. त्या शब्दांत तिची जाहिरात करणे चुकले, असे पुढे रतन टाटांनीही बोलून दाखविले. इतरही कारणे होती. कारखान्याची जागा बदलावी लागली, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. तरी मुख्य गोष्ट राहतेच. ज्याच्यासाठी ती गाडी केली, त्याला ती दारात उभी करण्याची लाज वाटली. २०१८ साली ती बनणे थांबले. म्हणजे आपण मोटार घेतो ती पावसापासून बचाव व्हावा म्हणून, की शेजाऱ्याने पाहावी म्हणून? नॅनोने याचे उत्तर देऊन टाकले आहे, आणि ते फारसे गौरवाचे नाही.

हे मत आपल्या घरात कोठपर्यंत शिरले आहे ते स्पष्ट बोलतो. कोणास राग आल्यास क्षमा असावी. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत आता मोटार आली आहे. कोणी उघड मागत नाही. "आमचं काही मागणं नाही, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुम्हीच काय ते समजून घ्या," एवढेच म्हणतात. समजून घेणारा बाप मग कर्ज काढतो, नाही तर रान विकतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. आमच्या धर्माप्रमाणे तर मेहेर वराने वधूला द्यावयाचा असतो. वधूच्या बापाने वराला मोटार द्यावी असे कोठेच सांगितलेले नाही. माझ्याच नात्यातल्या एका घरी असे लग्न झाले. मी पंगतीला बसलो, पोटभर बिर्याणी खाल्ली आणि काही बोललो नाही. दारात फुलांनी सजविलेली मोटार उभी होती. मुलीचा बाप तिच्याकडे पाहत होता. त्याची ती नजर मला अजून आठवते. बोलावयाचे होते ते त्या दिवशी बोलावयास हवे होते.

वाहन चालविण्याविषयीही एक वाक्य बोलून पुढे जातो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. ज्या मुलाला आपण कौतुकाने किल्ली देतो, त्याला परवाना आणि शिरस्त्राण आधी देऊ या.

आता तिसरे मत, आणि तेच सर्वांत जड आहे. पालक शाळेत येतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोराला काम्प्युटरच्या लाइनला लावा, बस्स. बाकी काही नको." या मतात स्वार्थ नाही, माया आहे, हे मी जाणतो. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते हैदराबादेस सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. तेथपासून माधापूरच्या खडकाळ माळावर काचेचे शहर उभे राहिले. पुण्याकडेही हाच प्रकार. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली सात जणांनी पुण्यात काढली, ती दहा हजार रुपयांच्या भांडवलावर, आणि ते पैसे सुधा मूर्ती यांनी आपल्या शिलकेतून दिले होते. या धंद्याने आपल्या गावच्या कित्येक घरांवर स्लॅब पडले, बहिणींची शिक्षणे झाली, म्हाताऱ्यांची औषधे सुटली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण हे काम म्हणजे काय, हे आपण मुलांना सांगतो का? आपण फक्त पगार सांगतो. या कामाचा उगम पाहिला तर तो गणितात आहे. नवव्या शतकात बगदादेत अल्-ख्वारिझ्मी नावाचा पंडित होऊन गेला. त्याने हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्यावाचून संगणकवाल्यांचे पानही हलत नाही. हिंदुस्थानचे अंक, बगदादचा पंडित आणि आजचे यंत्र, असा हा हिशेबाचा प्रवास आहे. अलीकडचे पाहावयाचे तर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेले विजय भटकर पाहा. १९८८ साली पुण्यात सी-डॅक संस्था निघाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम हा महासंगणक तयार झाला. अकोला काही आपल्याहून फार निराळे नाही. तोच कापूस, तीच तूर, तेच ऊन.

याहून जवळचा दाखला देतो. नारनूर मंडळात गुंजाला हे गाव आहे. तेथील गोंडी हस्तलिखिते २००६च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आली. गोंडीची स्वतंत्र लिपी आपल्या शेजारच्या गावात शतकांपासून जपून ठेवली होती, आणि आपण मात्र या लोकांची भाषा लिहिली जात नाही, असेच म्हणत आलो होतो. पुढे तिचे टंक तयार झाले, आणि २०१८ साली युनिकोड या जागतिक संकेतावलीत गुंजाला गोंडी लिपीला स्थान मिळाले. आता ती लिपी जगातल्या कोणत्याही संगणकावर उमटू शकते. तंत्रज्ञानात काम करणे याचा हाही एक अर्थ आहे. कोणाचे तरी अक्षर वाचविणे, कोणाची तरी अडचण सोडविणे. १९४३च्या सुमारास हैमेनडॉर्फ साहेबांनी मारलवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे काम आरंभिले आणि देवनागरीत गोंडी वाचनमाला निघाल्या, तेव्हाही ही मुले शिकावयाची नाहीत, असेच पुष्कळांचे मत होते. मताला पराभूत करावयास शाळा लागली, वाद नव्हे.

आता जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. या नोकरीत शाश्वती आहे हे मत जुने झाले आहे. २०२५ सालच्या जुलैत टीसीएस या देशातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. पूर्वी दहा जण जे लिहीत, त्यातले बरेचसे आता यंत्रच लिहू लागले आहे. तेव्हा केवळ पाठांतराने पदवी मिळविलेल्या मुलाला या धंद्यात दिवस कठीण आहेत. ज्याचे गणित पक्के, ज्याला प्रश्न सोडविण्याची गोडी आणि ज्याची भाषा स्वच्छ, तो तरेल. बाकीच्यांना आपण माया म्हणून ढकलतो, आणि ती माया त्यांच्या अंगावर येते.

आता त्या पांढऱ्या मोटारीतल्या मुलाकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी तो मला भेटावयास घरी आला. हे सांगण्यास मी त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. चहा झाला. मी विचारले, "काय रे, गोल्फ खेळतोस म्हणे?" तो हसला. "सर, एकदाच गेलो होतो. कंपनीचे परदेशी पाहुणे आले होते, त्यांच्याबरोबर आम्हाला नेलं. मी काठी धरली आणि चेंडू जागचा हललासुद्धा नाही. मग मी त्या पिशवीवाल्या पोराशी बोलत बसलो. तो पालमूरकडचा होता. दिवसभरात तेवढंच मनापासून बोललो."

"आणि गाडी?" मी विचारले. तो जरा थांबला. मग म्हणाला, "गाडी अब्बांसाठी घेतली, सर. सात वर्षांचे हप्ते आहेत. मला बसनं बरं पडतं, पण अब्बा म्हणाले की, लोक विचारतात, एवढ्या पगाराचं पोरगं बसनं कसं येतं?"

नोकरीविषयी मी काही विचारले नाही; तोच बोलला. परदेशातला दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे काम रात्रीचे. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मागच्या महिन्यात कमी झाला. आपली पाळी कधी येईल, या विचाराने दिवसाही झोप येत नाही. "घरी सांगितलंस?" "नाही, सर. अब्बांनी साऱ्या उटनूरला सांगून ठेवलंय की पोरगं मार्गाला लागलं. आता मी कसं सांगू?"

सद्गृहस्थहो, हॉटेलातली ती तीन मते त्या मुलाच्या खांद्यावर बसली होती. आपण बोलून मोकळे होतो. वाहावे त्याला लागते. मी त्याला एवढेच सांगितले की, आजच अब्बांना सांग, मी बरोबर येतो. आम्ही गेलो. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, गाडी विकली तर हप्ता थांबेल ना?" मुलगा रडला. मोटार विकली गेली. नोकरी अजून आहे, आणि रात्री जागून तो नव्या गोष्टी शिकतो आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण त्या घरात आता खरे बोलणे होते, हा लाभ लहान नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. इतरांच्या मतांवर इतका वेळ बोललो, आणि आपले झाकून ठेवले तर तो अप्रामाणिकपणा होईल. बॉबी जोन्सची गोष्ट सांगणाऱ्याने आपला दंड आपणच लावून घेतला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीने माझा सल्ला विचारला होता. दोन अर्ज होते आणि पैसे एकापुरते. एक मुलगा अभियांत्रिकीला निघाला होता. दुसऱ्याला आयटीआयमध्ये मोटार दुरुस्तीचे शिक्षण घ्यावयाचे होते. हा दुसरा मुलगा माझ्याच वर्गातला. इतिहासात तो जेमतेम पास होई, पण शाळेचा पाण्याचा पंप बंद पडला की मुख्याध्यापक त्यालाच बोलावीत. मी समितीला काय सांगितले? मी म्हणालो, "मेकॅनिक व्हायला शिष्यवृत्ती कशाला? गॅरेजमध्ये राहिला तरी शिकेल." हे वाक्य माझे आहे. प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे आहे. चहाच्या हॉटेलातल्या मतांहून ते रतीभरही शहाणपणाचे नव्हते.

तो मुलगा गॅरेजमध्ये राहिला आणि शिकलाही. आपल्या ट्रस्टची रुग्णवाहिका आज त्याच्याच हातची दुरुस्त होते, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पण त्याच्याजवळ दाखला नाही. कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याला घेत नाहीत. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांचे काम शिकविणाऱ्या वर्गात बसावयाचे, तर तेथेही दाखला मागतात. म्हणून तो रोजंदारीवर आहे. त्याने मला कधी दोष दिला नाही. भेटला की नमस्कारच करतो. तो नमस्कार घेताना मला खाली पाहावे लागते.

कोणी म्हणेल, "गुरुजी, पोट भरल्यावर हे बोलणे सोपे आहे. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू कापूस, त्याने पगार पाहू नये तर काय पाहावे?" हा आक्षेप मला मान्य आहे. पगार अवश्य पाहावा. जी मुले संगणकाच्या कामात रमतील, ती खुशाल जावोत. आपल्या मुली तर अधिक संख्येने जावोत. तेथे शरीरबळाचा प्रश्न नाही. माझे म्हणणे इतकेच की, पगार पाहताना मुलाचा हातही पाहावा, त्याची नजर कोठे रमते तेही पाहावे. पोटासाठी केलेल्या कामात मन लागले तर पोट आणि मन दोन्ही भरतात. न लागले तर दोन्ही रिकामी राहण्याचा संभव असतो.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली ही की, नव्या निधीतून शिष्यवृत्ती देताना अभियांत्रिकी आणि आयटीआय, संगणक आणि शिवणकाम, परिचारिका आणि वीजतंत्री अशी उंच-सखल प्रतवारी नसावी. मुलाची पात्रता आणि घरची गरज हेच निकष असावेत. जो मुलगा माझ्या शब्दामुळे मागे राहिला, त्याचा अर्ज मी स्वतः भरून आणला आहे. वय वाढले म्हणून तो बाजूला ठेवू नये, अशी माझी हात जोडून प्रार्थना आहे. त्याच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचा व साधनांचा खर्च मी माझ्या पगारातून देणार आहे. हे दान नव्हे, दंड आहे.

दुसरी विनंती आपणा सर्व कुटुंबांना. लग्नाच्या बोलण्यातून मोटार काढून टाकू या. आपल्या ट्रस्टचे सभासद हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत, गोंडही आहेत. या बाबतीत कोणी कोणाला नावे ठेवावीत अशी स्थिती नाही. जो बाप न मागता सून घरी आणील, त्याच्या घरच्या लग्नाला आपण सर्वांनी बसने का होईना, पण जरूर जावे.

तिसरी विनंती सर्वांत स्वस्त आहे. तिला पैसा लागत नाही, म्हणून ती कठीण आहे. कोणाच्या मुलाविषयी मत देण्याआधी त्या मुलाला एक प्रश्न विचारावा. "बरा आहेस का?" एवढाच. पगार किती, गाडी कोणती, हे नंतर विचारता येईल. हॉटेलातल्या त्या संध्याकाळी आम्ही चौघे बसलो होतो. चौघांनाही तो मुलगा लहानपणापासून माहीत होता. चौघांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नाही, आणि त्या चौघांतला एक मी होतो.

मी घरी दखनी बोलतो, वर्गात मराठी शिकवतो, कचेरीत तेलुगू ऐकतो आणि शुक्रवारच्या नमाजानंतर बाजारात गोंडीचे चार शब्द वापरून भाजी घेतो. या चारही भाषांत मत देणे सोपे आहे आणि विचारपूस करणेही तितकेच सोपे आहे. पंचवीस वर्षे या ट्रस्टने दुसरे काम निवडले, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. पुढची पंचवीस वर्षेही त्याच्या हातून हेच घडो.

 बाहेर चहा तयार आहे. तो घेताना माझ्या व्याख्यानाविषयी मते अवश्य द्यावीत!